जिनाच्या जागेवरची दारं

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही फिर्याद विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. जळगाव जामोदच्या ठाण्यात मी फौजदार होतो. गावातला बंद पडलेला कापसाचा जिन, म्हणजे रुई-सरकी वेगळी करायचा कारखाना, पाडून तिथे घरं बांधली होती. एक ओळ हप्त्याने मालकीची, तर समोरची जिनातल्या जुन्या कामगारांना कमी भाड्याने. विटा, छपराची कवेलू, सागवानी दारं, सगळं सारखं. अर्ध्या गावाच्या पोटात दुखत होतं. गळक्या पोलीस लाईनीत राहणारे आमचे शिपाईही त्यात आले.

एका सकाळी जिनाचा जुना मुकादम ठाण्यात आला. त्याच्या मालकीच्या घराचं दार कुणीतरी कुऱ्हाडीने फोडलं होतं.

“मी काल सकाळपासून वरवट बकालले, सासुरवाडीत. आता यष्टीतून उतरलो तं लोकांनी सांगतलं. अजून तिकडं पायबी नाही ठेवला, साहेब. समोरचा हमालच असन. जळते तो माह्यावर.”

हमालाला समोरच भाड्याचं घर मिळालं होतं. गुन्हा शाबीत झाला की घर जाणार, मग ते भाड्याचं असो की हप्त्याचं, असा तिथल्या समितीचा नियम. शिपायांनी त्याला आणलं. मागोमाग बायको धावत आली.

“आमाले घर भेटलं ना, साहेब! मंग आमी काऊन जळू?”

ठाण्यात कुणाला ते पटलं नाही. गरिबाला हेवा वाटणारच, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

पंचनाम्यासाठी हमालाला सोबत नेलं. जिनाचं जुनं फाटक तेवढं राखलं होतं. आत शिरताना हमालाने खिशातली विडी-काडी काढून फाटकाच्या कोनाड्यात ठेवली. मागून येणारा पंचही जिनातलाच. त्यानेही तेच केलं.

“काऊन बे, आता कुठं रुई हाये आत?” शिपाई हसला.

हमाल ओशाळला. “ठिणगीनं समदा जिन जाये, दादा. हात आपोआपच जाते तिथं.”

कोनाड्यात आधीच विडी पेटवायची एक पितळी चकमक होती. गवंड्याने काल दुपारी कोनाड्याला चुना दिला होता आणि ही त्या चुन्यावर पडलेली.

“हे तं मुकादमाची,” पंच म्हणाला.

परतून मी मुकादमाला विडी दिली. तो खिसे चाचपू लागला.

“चकमक कुठे आहे?”

“सासुरवाडीत राह्यली.”

मी ती टेबलावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं. मुकादमाचा चेहरा उतरला आणि त्याने सगळं कबूल केलं. काल संध्याकाळीच गुपचूप परतून त्याने स्वतःचं दार फोडलं होतं. राखणदाराची चाहूल लागली, तसा मागच्या भिंतीवरून पळाला.

“माह्या हुकमानं गाठी उचलायचा तो, साहेब. आता त्याचं दार माह्यासारखंच. मंग मी मुकादम कशाचा?”

खोटी फिर्याद हाही गुन्हा. मी खटला पाठवला, त्याला शिक्षा झाली. तेव्हापासून एक शिकलो. नसलेल्याला हेवा वाटतो, म्हणून पोलीस आधी त्याचाच दंड धरतात. असलेल्याचा हेवा मात्र अधिक घातक. त्याला काही मिळवायचं नसतं, दुसऱ्याला मिळू नये एवढंच हवं असतं.

मुकादम सुटून आल्यावर समिती त्याचं घर काढून घ्यायला निघाली, तेव्हा हमालाची बायको पुढे झाली.

“काढू नका त्याले. राहू द्या समोरच. रोज सकाळी उठून आमचं दार पाहू द्या.”

समितीने तिचं ऐकलं. मुकादम खाली मान घालून तिथेच उभा होता.