गावाला वगळलेली जाहिरात

हुमाचं डोकं लवकर तापतं, हे कर्जतच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. वडील जलालभाई यांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत ती दोन लॅपटॉप मांडून बसते आणि या भागातल्या फार्महाउसांच्या जाहिराती लोकांच्या मोबाइलवर चालवते. जाहिरात लावली आणि हात झटकले, असं तिचं काम नाही. कोण बघतंय, कुठून बघतंय, बघून फोन करतंय का, हे तिला त्याच क्षणी समोर दिसतं आणि त्याप्रमाणे ती जाहिरात बदलत राहते. पोहण्याच्या तलावापेक्षा जेवणाच्या फोटोवर माणसं जास्त रेंगाळली, की तलाव काढून जेवण. गुरुवारी संध्याकाळी ठाणेकर सुट्टीचे बेत आखतात, तेव्हा सगळा जोर ठाण्यावर. "पेरून घरी बसणं वेगळं आणि रोज बांधावर जाऊन बघणं वेगळं," असं ती गिऱ्हाइकांना समजावते. ते मान डोलावतात. मान डोलवायला काय जातं!

खालापूरकडच्या धाकलू पाटलांनीही डोलावली होती. भाताच्या शेताकडेला पाहुण्यांना भाड्याने द्यायचं त्यांचं पाच खोल्यांचं घर, आणि स्वयंपाकघर सुनेच्या, सोनालीच्या ताब्यात. सोनाली हुमाची कॉलेजातली मैत्रीण. "तू चूल सांभाळ, खोल्या मी भरते," या हुमाच्या शब्दावर तिने खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. पण खोल्या काही भरेनात. पनवेलचा एक केटरर पाच वर्षांच्या कराराने घर मागत होता. त्याचे आचारी त्याचे स्वतःचे, म्हणजे सोनालीने चुलीपासून उठायचं. "दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग झालं तर ठीक, नायतर देऊन टाकतो," असं धाकलूकाकांनी जाहीर केलं होतं.

सुट्टीच्या आधीच्या सोमवारी आकडे एकदम उसळले. तासाभरात चारशे माणसांनी जाहिरात उघडली, आणि फोन एकही नाही. हुमाने ही माणसं कुठली ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळी खालापूर तालुक्यातली! मुंबई ते पुणे असा पट्टा तिनेच निवडला होता आणि खालापूर त्याच्या बरोबर मध्ये. खालापूरकरांना फार हौस दिसते, असं समजून कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं यंत्रही जाहिरात आणखी खालापूरकरांनाच दाखवत सुटलं होतं.

तिने काकांना फोन लावला. "काका, गावात कोणी जाहिरात दाबतंय का?"

"कोणी मंजे? समदा गाव दाबतो!" काका खुशीत होते. "मीच भजनाच्या ग्रुपवर सांगितलाय, दिसली का दाबायची. शेजारचा गजा तर सकाळ-संध्याकाळ दाबतो. बायका बचत गटात बसून दाबतात. आपल्या माणसाचं काम हाय, पोरी!"

हुमा स्कूटर काढून तडक गावात गेली. ओटीवर काकांबरोबर गजा आणि नागू हे शेजारी बसले होते. तिने शांतपणे सांगून पाहिलं, की तुम्ही दाबलंत की ती जाहिरात ठाण्याच्या माणसापर्यंत पोचतच नाही. तुम्ही काही शेजारच्या घरात भाड्याने राहायला येणार नाही. म्हणून तुमचा तालुका वगळते.

"वगळते?" नागू उठून उभाच राहिला. "आमी काय नजर लावनारी माणसं हाव?"

"लग्नात गाव वगळून पंगत बसवतात का गं?" गजा म्हणाला.

काकांनी निकाल दिला, "गावाला वगळायचं नाय. माझ्या तोंडाला काळं फासू नको." हुमा "बरं, बघते" म्हणाली, परत आली आणि आल्या आल्या खालापूर वगळून टाकलं. अडाण्यांशी डोकं कोण लावणार, घर भरलं की आपोआप गप्प बसतील, असं तिला वाटलं.

आणि ते भरायलाच लागलं. बुधवारी एक खोली, गुरुवारी आणखी तीन. चौकशीचे फोन हुमाच घ्यायची, त्यामुळे हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. चार झाल्या तेव्हा सोनालीला कळवावं असं तिच्या मनात आलं. पण पाचही भरू देत, मग काकांनाच ऐकवते, अशी तिला खुमखुमी होती. मध्ये काकांचा फोन आला, "पोरी, जाहिरात दिसंना गं." तिने "कामात आहे काका, शनिवारी बोलू" म्हणून ठेवूनही दिला.

शनिवारी सकाळी पाचवी खोली गेली. हुमाने ऐटीत फोन लावला. "काका, घर फुल्ल!"

"फुल्ल? गजाला दिसंना, नागूला दिसंना, समद्या गावात कोनाला दिसंना. मला वाटला तू रागावून बंद केलीस. तुला इचारला तर तू बोलायला तयार नाय. काल सही केली मी, त्या पनवेलवाल्याला. उद्यापासून घर त्याचा."

"सही? काका, मला एकदा विचारायचंत!"

"इचारला की," काका म्हणाले आणि फोन सोनालीकडे दिला.

आठवडाभर ठाण्यापुण्याच्या अनोळखी माणसांनी जाहिरातीवर कधी बोट ठेवलं तेसुद्धा हुमाने पाहिलं होतं, आणि काकांचा फोन मात्र ऐकून न घेता ठेवला होता. आयुष्यभर ती दुसऱ्यांवर चिडत आली, पण स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

"चूक माझी आहे, सोनाली," ती कशीबशी म्हणाली.

सोनाली रडली नाही की भांडली नाही. "भांडी माझी आहेत गं," ती म्हणाली, "तेवढी घरी न्यायला एखादा टेंपो मिळतो का बघ."