चुकीला ऐकणारं कुणी

जगात कुणी कुणाला हाक मारूच नये, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. लकडगंजातल्या एका ट्रकबुकिंगच्या ऑफिसात आम्ही दोघं सर्व्हरचं काम करायचो. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. सर्व्हरवर काही घडलं, समजा माल पोचला, की त्याची नुसती घोषणा होते. त्या घोषणेला कान लावून बसलेले प्रोग्रामचे तुकडे, म्हणजे लिसनर, आपापल्या कामाला लागतात. एक बिल काढतो, एक गोदामाला कळवतो. घोषणा करणाऱ्याला ऐकणाऱ्यांची नावंही ठाऊक नसतात. मी हे पोटासाठी करत होतो. साडूभाऊंनी त्याचा धर्म केला होता.

हुडकेश्वर भागातल्या आपल्या घरी ते कधी ‘चहा दे’ म्हणाले नाहीत. खुर्चीत रेलून, पंख्याकडे पाहत, पोथीच्या सुरात सांगायचे, “माणूस घरी आला.” आतून ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, आवाज यायचा, “आयकलं बरं! आयकणारी पोळ्या लाटून राहिली!” लग्नाच्या पंगतीत “इकडे वरण संपलं” एवढं हवेत सोडून ते डोळे मिटून बसत. वरण हटकून येई. कधी कढी येई, तीही ते कौतुकानं पीत. मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाहुणे दिसल्याची घोषणा झाली की आलूबोंडे आणायचे, हे काम त्यांनी मलाही सांगून ठेवलं होतं आणि आपल्या भावालाही. दोघंही धावलो. दोन वऱ्हाडं जेवतील एवढे आलूबोंडे पाहून ताईंनी कपाळाला हात लावला, तर हे आनंदानं म्हणतात, “चुकलं कुठं वं? घोषणा एक, कान दोन. दोघांनीही आयकलं!”

एकाच गोष्टीत त्यांचा सूर बदलायचा. गच्चीवर, उन्हं कलल्यावर, विटकरी आभाळाकडे पाहत ते एकदा म्हणाले, “बाकी कशाले आयकणारं नसलं तरी सर्व्हर चालते. घोषणा हवेत जाते, बस. पण चूक झाली अन् तिले आयकणारं कोणी नसलं ना, तर अख्खा सर्व्हर बसते गा.” आमच्या सर्व्हरचा तो नियमच होता. माझाही असेल, हे तेव्हा कळलं नाही.

माल पोचल्याच्या घोषणेला त्यांनी स्वतःच्या मनानं एक जास्तीचा लिसनर लावला होता. तो ड्रायव्हरच्या घरी दोनच शब्द पाठवायचा : ‘गाडी पोचली.’ कामठीची कुणी बाई नवऱ्याच्या गाडीसाठी ऑफिसात फोन करायची, तेव्हापासूनचा तो. मालकानं मागितलेला नव्हता. मला त्या दिवसांत मालकासमोर सफाई दाखवायची हौस. हा कशाला हवा, असं वाटून मी, त्यांच्या फाइलला बोटही न लावता, दुसरीकडे गुपचूप एक ओळ लिहिली : सर्व्हर सुरू झाला की हा लिसनर काढावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन सुरू झाले. “गाडी पोचली नाही का जी?” काम साडूभाऊंचं, म्हणून सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते पंख्याकडे पाहून म्हणाले, “घरी निरोप गेले नाही आज.” मी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. मग त्यांनी फोन ओढला आणि एकेका घरी स्वतः सांगत सुटले, “पोचली वहिनी, पोचली. जेवून घ्या.” तो उन्हाळा असाच सरत गेला. रोज फोन, रोज पंख्याला तीच घोषणा, आणि शेजारच्या खुर्चीत मी. उद्या सांगू, म्हणायचो. तोंडात धरलेला शब्द रोज जड होत गेला. बायकोलाही बोललो नाही.

पुढे त्यांनी मुलीकडे, हैदराबादला, कायमचं जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. खाली कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास वर येत होता. आत्ता नाही तर कधीच नाही, हे कळत होतं.

“साडूभाऊ, तो लिसनर मी काढला.”

त्यांनी मानही वळवली नाही. “मालूम आहे.”

“कसं?”

“लिसनर काढला का त्याचीही घोषणा होते गा. तिले मी कान लावूनच ठेवतो.”

“मग बोलले काहून नाही?” माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

“म्हणजे मी तुले हाक मारू?” ते खुदकन हसले. मग आभाळाकडे पाहत हळूच म्हणाले, “आयकाले बसलोच होतो ना.”

सकाळी ते गेले. मी ऑफिसात जाऊन आधी माझी ओळ पुसली आणि सर्व्हर नव्यानं सुरू केला. दिवसभर शेजारची खुर्ची पंख्याच्या वाऱ्यानं थोडी थोडी वळत होती. फोन करावासा वाटला, केला नाही. कामठीच्या त्या बाईसारखा नुसता वाट पाहत राहिलो. दिवेलागणीला मोबाइल उजळला. नाव त्यांचं नव्हतं, आमच्या सर्व्हरचं होतं : ‘गाडी पोचली.’ आपला प्रवास त्यांनी त्यात कधी घातला, आणि घर म्हणून माझा नंबर कधी लावला, कोण जाणे.

मी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “आयकलं.”