साखरेच्या भांड्याचे झाकण

दालनात खुर्ची असूनही ते एकदाही बसले नाहीत. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये अकरा वर्षे वेटर म्हणून काढलेली. पाय फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहण्याची सवय अंगात मुरलेली. पायाखालची जमीन हलणार नाही, यावर त्यांचा अजूनही पुरता भरवसा नव्हता. जुने सहकारी त्यांना भिंगरी म्हणत.

"बाबा, जरा टेका ना," चष्म्याच्या दुकानातून अर्धी रजा टाकून सोबत आलेली त्यांची मुलगी म्हणाली. "तुमच्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरतंय."

"मग मला नको बघू. ती पाटी बघ."

पाटी मी लिहिली होती. सोमवारी उघडणाऱ्या आमच्या छोट्या संग्रहालयाच्या दालनात रेल्वेची जुनी जेवणाची भांडी मांडलेली होती: निळ्या काठाच्या बशा, जड बुडाचे कप, चांदीचा मुलामा दिलेली किटली आणि तिच्या शेजारी त्याच घडणीचे साखरेचे भांडे. किटलीखाली मजकूर होता: 'वेटरच्या हलगर्जीपणामुळे झाकण निसटले आणि या किटलीतील चहाने एका प्रवासी महिलेचा हात भाजला.' आधार होता चौकशीच्या फाइलीचा. तो वेटर म्हणजे भिंगरी. निकालानंतर त्यांना गाडीवरून उतरवून भांडारात धाडले गेले, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथे चादरींच्या घड्या घालत राहिले.

"तेवढा 'हलगर्जीपणा' हा एक शब्द सोमवारच्या आत काढा, ताई. आमच्या खात्यातले झाडून सगळे येणार आहेत."

"काका, फाइलीत आहे तेच मी लिहिलंय."

"फाइल काय चहा ओतायला आली होती?"

मुलगी हसली. ते हसले नाहीत. कपाटाच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही झाकणं बरोबर लावलीत ना, तिथंच चुकलं."

मला समजले नाही. त्यांनी समजावले, तेही इकडून तिकडे फिरतच. किटलीचे झाकण उथळ. गाडी वळणावर असताना किटली वाकवली की ते सुटायचे. साखरेच्या झाकणाची आतली कड मात्र पेरभर खोल, आणि मापही तेच. म्हणून गाडीवरची मंडळी दोन्ही झाकणांची अदलाबदल करत. चमच्यासाठी ठेवलेल्या खाचेतून वाफ बाहेर पडे.

"त्या दिवशी सकाळी तपासनीस आला. नवऱ्याची चप्पल बायकोच्या पायात दिसावी तसं तोंड केलं त्यानं. सगळी झाकणं ज्याची त्याला लावून घेतली."

"मग तो उतरल्यावर तुम्ही परत बदललं का नाही?" मी विचारले.

त्यांची पावले प्रथमच थांबली. "बारा टेबलं खोळंबली होती. लक्षात होतं माझ्या. म्हटलं, पुढच्या फेरीला बदलू."

कुणाचा शब्द केवळ कळकळीचा आहे म्हणून तो ग्राह्य धरणे मला जमत नाही. साखरेचे झाकण वर्षानुवर्षे किटलीवर असेल, तर त्याच्या आतून चहाची खूण असायला हवी. मी हातमोजे घालून ते उलटे केले. आतून लख्ख. त्यांनी नुसती मान हलवली, जणू याची त्यांना सवयच होती.

लख्खपणाच मला खटकला. मुलामा कोपऱ्यांतही इतका उजळ कसा? मी नोंदवही काढली. सहा महिन्यांपूर्वीची नोंद, अक्षर माझेच: 'साखरेच्या भांड्याचे झाकण. आतील बाजूस चहाच्या डागांसारखा तपकिरी थर. स्वच्छ केले.' साखरेच्या झाकणाला चहा कसा लागला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. डाग मी नोंदवला आणि मीच पुसला.

मग फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सातव्या पानावर त्याच सकाळचा तपासणी अहवाल होता: 'सर्व झाकणे आपापल्या भांड्यांवर बसवून घेतली. समाधानकारक.' भांड्यांत दोष नव्हता, म्हणजे दोष वेटरचा, असे ठरवण्यासाठी हेच पान वापरले गेले होते.

"पाटीवरचा शब्द मी काढते," मी म्हणाले. "झाकणांची हकिकत लिहिते. फाइलीतला शब्द मात्र काढता येणार नाही. हवं तर तुमच्या जबानीचं एक पान जोडता येईल."

"घ्या लिहून."

ते चालत सांगत होते, मी लिहीत होते. 'पुढच्या फेरीला बदलू' या वाक्यापाशी मी पेन थांबवले.

"तेही लिहा."

"बाबा, ते कशाला?" मुलगी कळवळून म्हणाली. "आत्ता कुठं सुटताय."

"त्या बाईचा हात भाजला होता गं. अर्धं सांगून कसं चालेल?"

सही त्यांनी उभ्यानेच केली, डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरून. मग मी त्यांना हातमोजे दिले. त्यांनी झाकणे बदलली आणि रिकामी किटली तोटी पार खाली येईपर्यंत वाकवली. झाकण जागचे हलले नाही. तरी त्यांनी पुन्हा एकदा वाकवून पाहिली.

"सोमवारी कुणी म्हणालं, झाकणं चुकलीत, तर?"

"खाली पाटी असेल ना, काका."

"पाटी कोण वाचतंय?" पाय फाकवून ते कपाटाच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले, तिथून किटली नीट दिसते का, हे पाहत. "मीच थांबतो इथं."