फ्राउ साळवेंचा अभ्यासक्रम

करुणाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी इथे म्युनिकला ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. सुहासभाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दोनच शब्द लिहिले होते : ‘करुणा गेली.’ मी फोन उलटा ठेवला आणि उरलेली वीस मिनिटं पुढच्या तिमाहीच्या वेळापत्रकावर बोलत राहिले. मधे दोनदा ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाल्याचंही आठवतं. मीटिंग संपल्यावर सहकाऱ्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी जर्मनमध्येच ‘या’, म्हणजे हो, म्हटलं. आज सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले, कारण त्यांच्याविषयी चांगलं लिहायचं तर माझ्याविषयी खरं लिहावं लागतं.

आमची ओळख म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या सुपरमार्केटमधली. माझी लेक मित्रा तेव्हा पाच वर्षांची होती. रांगेत ती चॉकलेटसाठी जमिनीवर बसली आणि मी दात आवळून म्हणाले, “उठतेस का देऊ एक?” मागून आवाज आला, “नागपूरच्या का?” वळून पाहिलं तर सुती साडीवर जाड जॅकेट घातलेली, कुरळ्या केसांची एक बाई हसत होती. त्या नगरच्या. तिथल्या मिशनच्या शाळेत बारा वर्षं संस्कृत शिकवलेलं. सुहासभाऊंच्या नोकरीपायी जर्मनीत आल्या, पाच वर्षं परीक्षा आणि कागदपत्रं यांच्याशी झुंजल्या, आणि म्युनिकच्या उत्तरेला एका छोट्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. शाळा जुन्या पद्धतीची होती. पहिलीपासून पाठांतर, सुंदर अक्षरात उतारे उतरवणं, बायबलच्या आणि ग्रीक-रोमन गोष्टी, तिसरीपासून लॅटिन. पण संस्थेकडे नुसता हेतू होता, अभ्यासक्रम नव्हता. पहिली ते चौथी, आठवड्यागणिक, तो करुणाताईंनी एकटीने रचला. “ख्रिस्ती बाई संस्कृत शिकवते म्हणून नगरला लोक भुवया उंचावायचे,” त्या म्हणायच्या, “इथे भारतीय बाई लॅटिन शिकवते म्हणून उंचावतात. भुवया काय, वर जातात तशा खालीही येतात.”

मित्राला तिथे घालायचं म्हणजे पंचाईतच. आम्ही बौद्ध. आईला फोनवर काय सांगू? करुणाताई माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “विहारात वंदना कितव्या वर्षी पाठ झाली तुझी?” मी म्हटलं, पाचव्या, फार तर सहाव्या. “पाली कळत होतं?” नव्हतं. “मग? आधी पाठ व्हावं गं. समजायला अख्खं आयुष्य पडलंय.” त्यांचा सगळा अभ्यासक्रम या एका वाक्यावर उभा होता. त्यात पाढे होते, तेही आपल्यासारखे, ताल धरून सगळ्यांनी एकसुरात म्हणायचे. रोज एक गोष्ट ऐकायची आणि एका मुलाने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची, आणि ते सांगत असताना बाईंनी मधे एक शब्दही बोलायचा नाही, मूल अडलं तरी नाही. मी एकदा वर्गात बसून पाहिलं. मित्रा अडली, अडूनच राहिली... मी शब्द सुचवायला पुढे वाकले. करुणाताई हात मांडीवर ठेवून तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. मग मित्रा पुढचं बोलली.

आणि त्यांचं आडनाव, साळवे! लॅटिनमध्ये ‘साल्वे’ म्हणजे नमस्कार. सकाळी अठरा मुलं उभी राहून ओरडायची, “साल्वे, फ्राउ साळवे!”, म्हणजे ‘नमस्कार, साळवेबाई’, आणि स्वतःच हसून हसून खाली बसायची. दुसरीच्या वर्षात मित्रा घरी मराठीत बोलेनाशी झाली, विचारलं की उत्तर जर्मनमध्ये. पण करुणाताईंशी मात्र ती मराठीत बोलायची, मोडकंतोडकं, कारण त्या वाट बघायच्या. मी बघत नसे. मला ऑफिस गाठायचं असायचं.

तिसरीत लॅटिनच्या विभक्त्या सुरू झाल्या. एक दिवस करुणाताईंनी फळ्यावर लॅटिन ‘देउम’ लिहिलं, शेजारी संस्कृत ‘देवम्’, आणि मित्राला म्हणाल्या, तुझी वंदना म्हण. मित्रा उभी राहिली आणि म्हणाली, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ तो ‘बुद्धं’ त्यांनी तिसरा लिहिला आणि मुलांना शब्दांच्या शेवटचा तो द्वितीया विभक्तीचा मकार दाखवला. मित्रा त्या दिवशी घरी नाचत आली. पण एका पालकाने लेखी तक्रार केली, की ख्रिस्ती शाळेच्या फळ्यावर देवाशेजारी बुद्ध कशाला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. करुणाताई रोज रात्री बायबल वाचल्याशिवाय न झोपणाऱ्या, रविवारची उपासना न चुकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, “मी धर्म शिकवत नव्हते, द्वितीया शिकवत होते.” तंबी मिळाली. मला त्यांनी हे सांगितलं नाही, सुहासभाऊंकडून कळलं. मी फोन करायला हवा होता. करू करू म्हणता राहिला.

त्याच वर्षी माझ्या डोक्यात गिम्नाझियुमचा किडा शिरला. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, विद्यापीठाकडे नेणारी शाळा ती गिम्नाझियुम, आणि आमच्या शाळेच्या मुलांना गिम्नाझियुमसाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागणार होती. ऑफिसातल्या इतरांची मुलं सरकारी शाळेत सरावाचे पेपर सोडवत होती आणि माझी मुलगी ग्रीक महाकाव्यातल्या हेक्टरच्या मरणाचा उतारा शाईच्या पेनाने उतरवत होती. मे महिन्यातल्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, मी उठून बोलले. दहा मिनिटं, तयारी करून. पाठांतराने मुलं विचार करायला शिकत नाहीत, असं म्हणाले. मृत भाषेवर आठवड्याचे चार तास घालवणं ही चैन आहे, म्हणाले. आम्ही परक्या देशात आलेली माणसं, आमच्या मुलांना चुकायची मुभा नाही, असंही म्हणाले. एवढं खरं होतं, म्हणून बाकीचंही लोकांना खरं वाटलं. टाळ्या वाजल्या. करुणाताई शेवटच्या रांगेत मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाहेर जॅकेट घालताना त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “जर्मन किती छान झालंय गं तुझं.” त्यात टोमणा नव्हता. असता तर मी आज एवढी अडकले नसते.

मी मित्राला काढलं. माझ्यामागे आणखी चार कुटुंबांनी मुलं काढली. अठरांचा वर्ग तेरांचा झाला आणि एवढ्याशा शाळेला ते पेलवलं नाही. संस्थेने उन्हाळ्याच्या सुट्टीत ठराव केला : लॅटिन बंद, पाठांतर कमी, सगळीकडे चालतो तोच अभ्यासक्रम. करुणाताईंना दुपारच्या पाळणाघरात टाकलं. जेवण वाढायचं, गृहपाठावर लक्ष ठेवायचं, बूट शोधून द्यायचे. सहा वर्षं ज्या बाईने अख्ख्या शाळेला शब्द दिले, ती दुपारी बूट शोधत होती. मी त्यांना एकदा एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर भेटले. हवेबद्दल बोललो. त्यांची गाडी आधी आली. मला हायसं वाटलं... हेही लिहायलाच हवं.

आजार कळला तेव्हा फार पसरला होता. मी दवाखान्यात एकदाच गेले. त्या खूप लहान दिसत होत्या, मनगटाभोवतीचा कागदी पट्टा सैल झाला होता. “मित्रा काय म्हणते?” पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, बरी आहे, नववीत आहे. “लॅटिन घेतलं?” नाही, फ्रेंच घेतलं. “फ्रेंचही छान,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी माफीचं वाक्य जुळवून गेले होते, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आली, ट्रेला जागा करायला मी उठले आणि उठलेलीच राहिले. “येते ताई पुन्हा,” म्हणाले. पुन्हा गेले नाही. वेळ नव्हता असं नाही. वेळ होता.

दफनाच्या दिवशी पाद्री जर्मनमध्ये बोलले. शेवटी सुहासभाऊंनी एकट्याने मराठी उपासना-गीत म्हटलं, कडव्याच्या मधोमध त्यांचा आवाज गेला, आणि तिथल्या कोणालाच पुढचे शब्द येत नव्हते. मलाही नाही. मग पाद्रींनी मूठभर माती उचलली.

मागच्या शनिवारी सुहासभाऊंनी बोलावलं. ते नगरला परत जाताहेत, घर रिकामं करायचं आहे. “वैशाली, हे कोणी घेईना,” ते म्हणाले. “शाळेला विचारलं, त्यांच्याकडे जागा नाही. कागदाच्या कचऱ्यात टाकवत नाही मला.” चार जाड फायली, एकेका इयत्तेची एक. मी त्या घरी आणल्या, जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि चौथीची उघडली, कारण त्या वर्गात मित्रा कधी बसलीच नाही. सगळं जर्मनमध्ये, टपोऱ्या अक्षरात. समासात स्वतःसाठी मराठी टिपणं. अगदी शेवटी वर्षअखेरच्या कार्यक्रमाचं पान होतं. चार वर्षांत पाठ केलेलं मुलांनी पालकांसमोर म्हणायचं. कोणी काय म्हणायचं, त्याची यादी, त्या मे महिन्याच्या आधीच करून ठेवलेली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आणखी एक नाव होतं : हा आजारी पडला तर कोण म्हणेल. सगळ्यात शेवटी, समारोपाला, मित्रा. समासात पेन्सिलीने : ‘आवाज लहान. पण अडली तरी सोडत नाही. थांबावं.’ तिच्यापुढचा दुसऱ्या नावाचा रकाना रिकामा होता.

मित्रा पाणी प्यायला आली आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागली. मराठी तिला वाचता येत नाही, तेवढं मी वाचून दाखवलं. तिने त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मग जर्मनमध्ये म्हणाली, “मग त्या वर्षी शेवटचं कोणी म्हटलं?”

“कोणी नाही,” मी म्हणाले. “तो कार्यक्रमच झाला नाही.”

तिने ग्लास ओट्यावर ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. फायली अजून जेवणाच्या टेबलावरच आहेत. आम्ही दोघी सध्या ओट्याशी उभ्यानेच जेवतो.