बाईसाहेब म्हणतात

आमच्या मंडळात एक अलिखित कायदा होता. ज्यांचं बेसमेंट मोठं त्यांच्याकडे नाटकाच्या तालमी, आणि ज्यांच्याकडे तालमी त्या घरची बाई नाटकाची नायिका. हा कायदा मला कुणी सांगितला नव्हता. ऐंशीच्या दशकात लग्न करून मी मिनेसोटात, ईडन प्रेरीच्या एका अपार्टमेंटमध्ये येऊन थडकले, तेव्हा माझ्या बॅगेत साड्या, गोडा मसाला आणि कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत मिळालेलं अभिनयाचं प्रशस्तिपत्र होतं. त्यावर खाली ‘उत्तेजनार्थ’ असं लिहिलेलं होतं. तो शब्द नेमका पट्टीखाली झाकला जाईल अशी फ्रेम मी पुण्यातच करून घेतली होती. एवढी हुशारी मी अभिनयात दाखवली असती तर तो शब्द झाकायची वेळच आली नसती.

मला नायिका व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. कपड्यांच्या कपाटात शिरून मी रडायचा सराव करत असे, कारण आमच्या भिंती पातळ होत्या आणि शेजारची अमेरिकन बाई काळजीपोटी दोनदा केक घेऊन आली होती.

पहिल्याच हिवाळ्यात संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी नाटक ठरलं. लिहिणारे आणि बसवणारे एकच, पन्नाशीचे एक इंजिनिअर. सगळे त्यांना काका म्हणत आणि ते मंडळातल्या सगळ्या नव्या नवरींना सूनबाई म्हणत. नाटक असं होतं: एका गर्भश्रीमंत बाईसाहेबांच्या इस्टेटीवर नवा मॅनेजर येतो, दोघं प्रेमात पडतात, पण तीन अंक संपेपर्यंत एकमेकांना सांगत नाहीत. मॅनेजरच्या भूमिकेसाठी काकांनी माझ्या नवऱ्याला घेतलं, कारण तो उंच होता आणि त्याला नाही म्हणता येत नसे. मी पदर सावरून बसले. आता नायिका कोण, हे काय विचारायला हवं!

नायिका झाल्या बेसमेंटवाल्या वहिनी. आणि मला मिळाली मोलकरीण.

गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, “चार वाक्यं आहेत हो मला. चार! त्यातलं एक ‘चहा आणू?’ आणि एक ‘आणला.’”

“अगं, मग पाठांतर सोपं आहे की,” तो म्हणाला.

या माणसाबरोबर सगळा जन्म काढायचाय, या विचाराने मला त्या दिवशी कपाटात न जाताच रडू आलं.

त्या दिवसांत शनिवारी दुपारी लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या पब्लिक टीव्हीवर जुने ब्रिटिश विनोदी सिनेमे लागत. बहुतेक कृष्णधवल. बाहेर बर्फ, नवरा ऑफिसचं काम घेऊन बसलेला, मी रुसून सोफ्यावर. अशा एका शनिवारी मला ती दिसली. पडद्यावर घरमालकीण होती. दाराआडून नुसतं डोकं बाहेर काढून भाडेकरूकडे बघायची आणि दार लावून घ्यायची. मी रुसलेली असूनही हसले. पुढच्या शनिवारी दुसरा सिनेमा, त्यात हीच बाई हॉस्पिटलातली नर्स. त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणाची तरी बहिरी आत्या. मग पोस्टातली बाई, मग बोटीवरची प्रवासी, मग पुन्हा मोलकरीण, हातात चहाचा ट्रे.

सिनेमे काही क्रमाने लागत नसत. त्यामुळे ती एका शनिवारी साठीची असे, तर पुढच्या शनिवारी पंचविशीची. एका आठवड्यात तिचे दात पडलेले, दुसऱ्यात लांब वेणी. तिची अख्खी कारकीर्द मी अशी पत्ते पिसल्यासारखी पाहिली. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. नावांच्या यादीत ती इतकी खाली असे की तिथपर्यंत पोचायच्या आत टीव्हीवाले देणगी मागायला सुरुवात करत.

आणि या सगळ्या वर्षांत ती एकदाही नायिका झाली नव्हती. माझा पहिला विचार काय होता, तर बिच्चारी! मला तिची दया आली. मी, जिला चार वाक्यं होती, त्या मला!

इकडे तालमी सुरू होत्या. मी माझी चार वाक्यं सोडून वहिनींची सगळी भूमिका पाठ केली होती. व्हॅक्यूम क्लीनर लावून त्या आवाजात ती म्हणत असे. तालमीत मात्र त्यांचं मोठं वाक्य आलं की माझ्या ट्रेमधल्या कपबश्या नेमक्या वाजत. कधी मला ठसका लागे. एकदा मी पत्र वाचून चक्कर येऊन पडले. पत्र बाईसाहेबांना आलेलं होतं आणि मोलकरणीला वाचता येत नव्हतं.

काका कपाळाला हात लावून म्हणाले, “सूनबाई, मोलकरीण आहात तुम्ही, भूकंप नव्हे.”

वहिनी मात्र फार गोड बाई. मला उठवून त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “पडलीस किती छान! मला नाही गं असं जमत. मला तर नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी पाय थरथरतात.” मग दोन समोसे जास्त दिले. अशा बाईचा मत्सर करणं किती कष्टाचं असतं, ते मलाच माहीत.

पुढच्या शनिवारी ती ट्रेवाली पुन्हा दिसली. त्या सिनेमात नायक-नायिकेचं जोरात भांडण चाललंय आणि ही मागे टेबल पुसतेय. ठसका नाही, चक्कर नाही, काही नाही. टेबलावर एक डाग आहे, तो निघत नाहीये, आणि तिला त्या डागाचीच काळजी लागलीय. भांडण ऐन रंगात आलेलं असताना ती नायकाला हाताने जरा बाजूला सारते, कारण तो डागावर कोपर टेकून उभा आहे. बस्स. मी हसून सोफ्यावरून घसरले. नवरा फाईल टाकून धावत आला.

“काय झालं?”

“त्या दोघांचं काय भांडण चाललंय ते सांगा बघू.”

तो पाहत राहिला. त्यालाही डागच दिसत होता.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. या बाईला सिनेमात नायक-नायिका आहेत हेच मुळी ठाऊक नव्हतं! तिच्या मते तो सिनेमा टेबलाचा होता आणि काही रिकामटेकडी माणसं त्यात उगाच प्रेमात पडून अडथळा आणत होती.

मग मी माझ्या मोलकरणीला काम शोधून दिलं. बाईसाहेबांच्या घरात पितळी फुलदाणी होती, ती चकचकीत झाल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कपबश्या गप्प झाल्या. तालमीला आलेली मंडळी हसायला लागली. काकांनी एकदा चष्मा पुसून पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

नाटकाच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात तिळगुळाचे डबे मांडून झाले, रंगमंचावर सोफा चढवून झाला, आणि वहिनी आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळून. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाची आइस हॉकीची मॅच होती. मुलाने गोल केला, आणि आईने जो आनंद केला त्यात तिचा आवाज गेला. पूर्ण गेला. शेजारी मुलगा उभा होता, अभिमानाने सांगत होता, “शी वॉज द लाउडेस्ट मॉम!”

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सूनबाई, वहिनींची भूमिका तुम्हाला येते ना?”

“कुणी सांगितलं?” मी म्हणाले. नवरा पंख्याकडे बघायला लागला. तिथे पंखा नव्हता.

वहिनींनी स्वतःच्या हाताने त्यांचा शालू माझ्या खांद्यावर टाकला. डोळ्यांत पाणी होतं, पण सुटकेचंही असावं. मी आरशात पाहिलं. नायिका! अगदी व्हायला हवी तशी. नाकात नथ, अंगावर शालू, आणि अकलेचा पत्ता नाही.

“आणि मोलकरीण?” मी विचारलं.

“तिची चार तर वाक्यं. कापून टाकू,” काका म्हणाले.

कापून टाकू? फुलदाणी तशीच मळकी राहणार? मी आजवर ज्या भूमिकेला नाकं मुरडली, तिच्यासाठी माझ्या पोटात इतकं तुटेल असं मला वाटलं नव्हतं. आरशातल्या नायिकेकडे मी पुन्हा पाहिलं. तिच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं तीन अंक सुंदर दिसायचं आणि सुस्कारे टाकायचे.

मी शालू काढून वहिनींच्या अंगावर परत टाकला.

“काका, बाईसाहेब एवढ्या श्रीमंत आहेत. त्या नोकरमाणसांशी स्वतः बोलतील कशाला? त्या माझ्या कानात सांगतील, मी मोठ्याने सांगेन.”

“आणि नायकाशी?”

“तोही पगारीच आहे की.”

काकांनी घड्याळ पाहिलं. लोक खुर्च्या सरकवत होते. “करा,” ते म्हणाले, “देवाचं नाव घ्या आणि करा.”

पडदा उघडला. वहिनी ऐटीत सोफ्यावर बसल्या, त्यांनी मला बोटाने बोलावलं आणि माझ्या कानाशी लागल्या. मी फुलदाणी काखेत धरून नवऱ्याकडे वळले आणि म्हणाले, “बाईसाहेब म्हणतात, तुम्ही उशिरा आलात.” सगळा कॅफेटेरिया हसला. त्यानंतर आम्ही सुटलोच. वाक्यं मला येतच होती, त्यामुळे वहिनींना खरं काही सांगायची गरज नव्हती. त्यांची भीती पार पळाली आणि त्या माझ्या कानात वाटेल ते कुजबुजू लागल्या. “पहिल्या रांगेत त्या बाई जांभया देताहेत बघ.” “माझा अंबाडा सुटतोय.” आणि मी गंभीर चेहऱ्याने म्हणायची, “बाईसाहेब म्हणतात, इस्टेटीचे कागद दाखवा.”

शेवटच्या प्रवेशात बाईसाहेब प्रेमाची कबुली देतात. वहिनी वाकल्या आणि कुजबुजल्या, “अगं, त्याची मिशी निघतेय.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. खरंच, अर्धी मिशी ओठावरून लोंबत होती. मी शांतपणे त्याच्याजवळ गेले, फुलदाणी पुसायच्या फडक्याने मिशीवरून एक हात फिरवला, ती नीट बसली का ते मान तिरकी करून पाहिलं, आणि माझ्या जागेवर परत आले. लोक इतके हसले की मला थांबून राहावं लागलं. मग मी म्हणाले, “बाईसाहेब म्हणतात, त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे.”

हे वाक्य मी माझ्या नवऱ्याला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. आमच्या वेळी कोण म्हणायचं! तो कानापर्यंत लाल झाला. त्याचं पुढचं वाक्य होतं ‘बाईसाहेब, मी आपला ऋणी आहे.’ ते तो साफ विसरला आणि माझ्याकडेच बघत म्हणाला, “माझंपण.”

पडदा पडला तो त्या गोंधळातच.

नंतर तिळगूळ वाटताना काका आले. “सूनबाई, ठरलं. पुढच्या वर्षी नायिका तुम्ही. बेसमेंट असो नसो.” वहिनींनी जोरजोरात मान हलवून पाठिंबा दिला.

“नायिकेची कुणी आत्या आहे का त्यात?” मी विचारलं. “जरा भांडकुदळ असली तर बरं. ती मला द्या.”

ती आत्या मी केली. त्यानंतर शेजारणी केल्या, सासवा केल्या, एक ज्योतिषीण केली, एक कंजूष विधवा केली. लोक आजही दुकानात भेटले की नाटकांची नावं विसरतात, नायिकाही विसरतात, पण “काकू, ते फडकं!” असं म्हणून हसतात.

त्या दिवशी घरी जाताना मात्र नवरा गोंधळलेला होता. बर्फातून हळूहळू गाडी चालवत म्हणाला, “अगं, हिवाळाभर माझं डोकं खाल्लंस नायिकेसाठी. आता काका पाय धरून देताहेत तर नको म्हणतेस?”

“तीन अंक सुस्कारे टाकून शेवटी नायिका काय करते?” मी विचारलं.

“लग्न.”

“ते माझं करून झालंय,” मी म्हणाले.