अर्धी दाढी

नोकरी सुटल्यावर मी जुन्या बाजारातून एक गंजलेला वस्तरा स्वस्तात आणला. दगडावर घासून, कमरेच्या जुन्या चामडी पट्ट्यावर फिरवून त्याला धार आणली. पहिल्याच आठवड्यात हनुवटी तीनदा कापली. बहीण तुरटीचा खडा पुढे करत म्हणाली, "दादा, सलूनचे पैसे मी देते. हा हट्ट कशाला?"

तिची माया कळत होती. पण गेले काही महिने जो तो मला सल्लेच देत होता. पन्नाशीच्या माणसाला आता नवं काही जमायचं नाही, हे सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. आरशासमोर मात्र पातं किती तिरपं धरायचं, कातडी किती ताणायची, हे माझं मलाच शोधावं लागे. चुकलो तर रक्तही माझंच येई. त्यात एक सुख होतं.

आज उजवा गाल एकही ओरखडा न येता गुळगुळीत झाला. डाव्या गालावर मात्र हात वळेना.

"निदान तेवढी तरी न्हाव्याकडून करून घे," बहीण म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत. डावा उद्या शिकेन," मी म्हणालो आणि अर्धी दाढी तशीच ठेवून भर बाजारात भाजी आणायला गेलो.