मनगट दोनदा दाबलं की

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि लोकांना काहीतरी बघायला हवं असतं. या मंडयांमध्ये मी बरीच वर्षं हरत आलो. हरणं हेच माझं काम होतं. दोरांनी घेरलेल्या रिंगमध्ये, डोक्यावर काळा मुखवटा चढवून, लोकांच्या शिव्या खात मी असा चोख हरायचो की मंडई समितीवाले दुसऱ्या वर्षी हटकून निरोप पाठवायचे. अड्याळला एका म्हातारीनं मला रिंगकडे जाताना छत्रीनं हाणलं होतं. मला वाटतं, माझ्या कामाला मिळालेली तेवढीच खरी दाद.

ही कुस्ती खोटी असते ना, असं लोक विचारतात. या प्रश्नानं अजूनही माझं डोकं फिरतं. निकाल आधी ठरलेला असतो, कबूल. पण डोक्याएवढ्या उंचीवरून फळ्यांवर पाठ आपटते, ती तुमचीच असते. आम्ही पडायला शिकलो ते धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या ढिगावर, मग तणस कमी करत करत नुसत्या जमिनीवर. त्या दिवसांत मला शिंकसुद्धा जपून द्यावी लागायची.

आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. दोघंही एकोडीचे, दोघंही माझ्या वडिलांच्या आखाड्यातले. बाबा मातीतले पैलवान. शेती सांभाळून त्यांनी तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, आखाडा चालवला, आणि गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, सगळी त्यांना वस्ताद म्हणत. टीव्हीवर परदेशी कुस्त्या बघून आमच्या डोक्यात हे रिंगचं वेड शिरलं, तेव्हा बाबांनी भांडण केलं नाही. ते फक्त माझ्याशी कुस्तीबद्दल बोलायचे थांबले. पिकाबद्दल, पाण्याबद्दल, बैलांबद्दल सगळं बोलायचे. कुस्तीचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. माझ्या फडाला ते ‘दोरीवरचा खेळ’ म्हणायचे, तेही दुसऱ्याजवळ. इतक्या वर्षांत एकदाही बघायला आले नाहीत.

आमच्यामागे कुठली कंपनी नव्हती. रिंग आमचीच, भाड्याच्या गाडीवर चढवायची, गावात नेऊन ठोकायची, खेळ करायचा आणि उखडून परत आणायची. जोडीदार दिसायला देखणा, म्हणून तो जिंकणारा. मी थोराड आणि चेहऱ्यानं राकट, म्हणून मुखवटा माझ्या वाट्याला. खरं सांगायचं तर आखाड्यात मी त्याला नेहमी पाडायचो. पण रिंगमध्ये त्याचा उपयोग नसतो. तिथं उपयोग असतो तो भरवशाचा.

तो भरवसा कसा असतो ते सांगायला हवं. एकानं दुसऱ्याला डोक्यावर उचललं की वरच्यानं अंग सैल सोडायचं असतं. वरचा ताठ राहिला तर दोघांच्याही मानेचं काही खरं नाही. पण कुठल्या क्षणी सोडायचं? लोकांसमोर बोलता येत नाही. म्हणून उचलणारा समोरच्याचं मनगट दोनदा दाबतो. त्याचा अर्थ, आता सोड, मी धरलंय. या खुणेवर आम्ही एकमेकांच्या हाती आपापली मान दिली होती. माझी बायकोसुद्धा माझ्यावर एवढा विश्वास ठेवत नाही, असं मी त्याला चिडवायचो. घरी कितीही वाजलेलं असो, तोंडं फिरवून गाडीत बसलेलो असू, रिंगमध्ये मनगट दाबलं गेलं की दुसरा सैल सोडायचा. यात कधी चूक झाली नाही.

मग एका वर्षी एकोडीच्या मंडईचं बोलावणं आलं. स्वतःच्या गावात आम्ही तोवर खेळ केला नव्हता, बाबांमुळे मीच टाळत होतो. जोडीदार म्हणाला, या वेळी तू जिंक. जिंकून सगळ्यांसमोर मुखवटा काढ, मी वस्तादांना पुढच्या खुर्चीत आणून बसवतो. हरण्याचा कंटाळा मला कधी आला नव्हता, पण बाबांनी एकदा मला रिंगमध्ये उभं बघावं आणि नजर वळवू नये, एवढी एकच हाव मनात उरली होती. तो खरंच घरी जाऊन बाबांना बोलावून आला. बाबा हो म्हणाले. मला त्या दिवशी जोडीदार सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला, आणि हे मी आज दात खाऊन लिहितोय.

मंडई भर दुपारची. तलावाच्या पाळीखालच्या मैदानात रिंग उभी केली. पाळीवर बायका, झाडांवर पोरं, पुढं समितीच्या खुर्च्या. त्यात बाबा, धुतलेलं धोतर, डोक्याला केशरी फेटा. पंच गावचाच होता. आम्ही कुठंही पंचाला काही सांगत नसू. पाठ टेकली की तीन मोजायचं, एवढंच त्याला ठाऊक.

पहिल्याच पकडीत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जोडीदाराची बोटं माझ्या मानेत रुतली होती. दाखवायची पकड वेगळी असते, ती दिसायला घट्ट आणि आतून पोकळ असते. ही भरीव होती. गावासमोर घाबरला असेल, असं समजून मी कानाशी ‘हळू’ म्हणालो. त्यानं माझा पाय ओढला. मी गुडघ्यावर आलो आणि तेव्हा कळलं की हा खरी कुस्ती करतोय.

का, हे विचारायला वेळ नव्हता. अंगाला आपोआप आठवलं. बाबांनी शिकवलेलं सगळं, पाय मागं फेकणं, छाती खाली घालणं, समोरच्याचा दम मोजणं, एकामागून एक येत गेलं. कितीतरी वर्षांनी मी कुस्ती खेळत होतो. लोक ओरडायचे थांबले, कारण बघण्यातला फरक त्यांनाही कळतो. मी त्याच्या पाठीमागं गेलो, कंबरेला विळखा घातला, त्याचा दम तुटत चाललेला मला पोटाशी जाणवत होता. आणि मुखवट्याच्या भोकातून मला बाबा दिसले. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. आखाड्यात कुणी चांगलं खेळत असलं की ते असे बसायचे. मला इतका आनंद झाला की आता हरलो तरी चालेल असं वाटलं. पण मी हरत नव्हतो. आणखी एक हिसका, आणि तो चीत होणार होता.

तेव्हा त्यानं माझं मनगट दोनदा दाबलं.

मला वाटलं, भानावर आला. ठरलेल्या खेळावर परत येतोय, आता उचलेल, मग पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे. विचार असा नव्हताच खरं म्हणजे. अंगाला इतक्या वर्षांची सवय, त्यानं दाबलं आणि मी सैल सोडलं. पुढच्या क्षणी माझी पाठ फळ्यांवर होती आणि तो सगळं वजन टाकून छातीवर. पंचानं तीन मोजले. पाळीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठले, पायऱ्या चढून रिंगमध्ये आले, डोक्याचा फेटा उतरवला आणि जोडीदाराच्या डोक्यावर बांधला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मुखवटा तसाच ठेवून मी शाळेच्या खोलीत गेलो, जिथं आमचे कपडे होते.

तो आत आला तसं मी त्याला भिंतीला लावलं. त्यानं हात उचलला नाही.

“वस्तादनं सांगतलं,” तो म्हणाला. “सकारीच बलावलं होतं मले. म्हने, माह्या गावात ठरवलेली कुस्ती होनार नाही. खरा लढशीन तं मी येतो.”

“मले काहून नाही सांगतलं?”

“त्यायनंच नको म्हनलं.”

“अन् मनगट? तेबी त्यायनंच सांगतलं का?”

त्यानं मान खाली घातली. फेटा अजून डोक्यावर होता. “मी हारून राहिलो होतो ना,” तो म्हणाला. “वस्तादसमोर.”

मी त्याला सोडून दिलं. मारावंसं वाटलं नाही, याचंच मला नंतर आश्चर्य वाटत राहिलं. ज्याला मी माझी मान देत आलो त्याच्याशी आता करायचं तरी काय, तेच कळेना.

तो खेळ मोबाईलवर सगळ्या तालुक्यात फिरला. जोडीदाराचं चांगलं झालं. आता त्याची स्वतःची तालीम आहे, पोरं त्याला वस्ताद म्हणतात आणि केशरी फेट्यातला त्याचा फोटो तिथं दाराशीच लावलाय. मला दुसरा जोडीदार शोधता आला असता. एकदोघांबरोबर मी करूनही पाहिलं, पण मनगट दाबलं गेलं की माझं अंग सैल पडायच्या ऐवजी ताठ व्हायचं. असा माणूस रिंगमध्ये स्वतःला आणि समोरच्याला, दोघांनाही मारतो. मी मुखवटा कोठीत टाकला आणि वरठीला खोली करून कारखान्यातल्या ठेकेदाराकडे कामाला लागलो. तिथं जड वस्तू उचलायच्या असतात, आणि त्या कुणाचा विश्वासघात करत नाहीत.

बाबांना मी मनगटाचं कधीच सांगितलं नाही. हरलेल्या पैलवानाजवळ कारणांची कमी नसते, असं म्हणून ते आयुष्यभर इतरांना हसत आले होते. त्यांनी मलाही तसंच हसावं, हे मला झेपलं नसतं. त्यांच्या लेखी मी खऱ्या कुस्तीत हरलो होतो, आणि मी ते तसंच राहू दिलं. मनात मात्र त्यांची बाजू मी घ्यायचो. त्यांनी खरं मागितलं, त्यात काय वाईट? त्यांनाही जोडीदारानं फसवलंच की. आम्ही बापलेक एकाच माणसाकडून फसलो, असं मी स्वतःला समजावत आलो आणि त्यात थोडं समाधानही होतं.

मागच्या वर्षी बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. मी वरठी सोडून घरी आलो. रोज सकाळी त्यांना खाटेवरून उचलून दारातल्या खुर्चीत बसवायचं असतं. एवढा पैलवान माणूस, पण उचलताना भीतीनं अंग ताठ करतात आणि मग दोघंही डगमगतो. एका सकाळी मी सवयीनं, काही न ठरवता, त्यांचं चांगलं मनगट दोनदा दाबलं आणि म्हणालो, सोडा अंग, मी धरलं. त्यांनी सोडलं. अलगद उचलले गेले.

खुर्चीत बसल्यावर ते आपल्या मनगटाकडे बघत राहिले. जीभ जड झालीय, शब्द सावकाश येतात.

“त्यानं असंच केलतं,” ते म्हणाले.

मी त्यांच्या पायावर चादर घालत होतो. कोणी, असं विचारलं.

“तुह्या जोडीदारानं. मंडईत. मनगट दाबलं अन् तू सोडून देल्लं. मले दिसलं होतं.”

माझे हात तिथंच राहिले. “मंग बोलले काहून नाही?”

“सारं गाव बसलं होतं.” ते दम घ्यायला थांबले. “माह्या पोराच्या कुस्तीत इशारे असतेत, असं सांगू का लोकायले?”

पाहिलं होतं. खुर्चीच्या कडेला येऊन, हात गुडघ्यांवर ठेवून, मी जिंकत होतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि कसा हरलो तेही. मग उठून त्यांनी फेटा त्याच्या डोक्यावर बांधला. जोडीदारानं हरायच्या भीतीनं एका क्षणात फसवलं, त्याला मी आज माफ करू शकेन. बाबांना पायऱ्या चढून वर यायला वेळ होता. त्यानंतर तर वर्षं होती. माझ्या तोंडावर न सांगता, एकाच भांड्यातली भाजी वाढून घेत त्यांनी मला हरलेला राहू दिलं.

मी उठलो. गोठ्यात गेलो, शेण काढलं, बैलांना पाणी दाखवलं. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा ऊन दारातल्या खुर्चीपर्यंत आलं होतं आणि बाबांना खाटेवर न्यायची वेळ झाली होती.

मी समोर उभा राहिलो. बाबांनी आपणहून मनगट पुढं केलं आणि वाट पाहत राहिले. मी ते दाबलं नाही. काखेत हात घातले आणि ताठच्या ताठ उचलून त्यांना खाटेवर ठेवलं.